आजोबांच्या पुड्या, पांढरीतले मणी आणि तेरचं संग्रहालय

अकीक (धागा सुरू करणारा)

मागच्या आठवड्यात तेरला जाऊन आलो. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं हे गाव बहुतेकांना गोरोबाकाकांमुळे माहीत असतं. मी गेलो होतो तिथलं रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय बघायला. परत आल्यापासून डोक्यात दुसरा विषय नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबेल, आधीच सांगतो.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक लिहिणाऱ्या माणसाने समुद्रमार्गांची आणि बंदरांची माहिती लिहून ठेवली, ती 'पेरिप्लस' म्हणून ओळखली जाते. त्यात दख्खनमधल्या मोठ्या बाजारपेठा म्हणून पैठण आणि तगर ही दोन नावं येतात. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तिथून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई. हे तगर नेमकं कुठलं यावर पुष्कळ वाद झाले. १९०१ च्या सुमारास इतिहास-संशोधक फ्लीट यांनी ते तेरच, असं मांडलं आणि ते मत टिकलं.

लामतुरे याच गावचे. नांगराच्या फाळाला लागून, पावसाने धुऊन, नदीची दरड ढासळून जे वर येई ते त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं. पुढे तो संग्रह शासनाकडे गेला आणि गावातच राहिला. हे 'गावातच राहिला' मला फार मोलाचं वाटतं, त्यावर पुढे बोलतो.

तिथल्या मातीच्या मूर्ती बघताना पाय हलत नाही. काही भाजक्या लाल मातीच्या, काही केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या. दुहेरी साच्यात काढलेल्या. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही ओले असतानाच जोडायचे, आत पोकळ. केशरचना तर अशी की वेणीची गुंफण मोजता यावी. रोमन नाण्यांचे छाप घेतलेली मातीची पदकंही या भागात मिळतात, गळ्यात घालायची. सोनं परवडत नसणाऱ्या बाईने मातीत घडवलेला दूरदेशीचा राजा गळ्यात घालावा, हे वाचून माहीत होतं. पण तो अंगठ्याएवढा तुकडा बघितल्यावर ती बाई समोर उभी राहते.

आणि मणी. अकीक (अ‍ॅगेट), लाल इंद्रगोप (कार्नेलियन), स्फटिक, काच, शंख. या कपाटासमोर मी सगळ्यात जास्त वेळ उभा होतो, कारण माझ्या घरी असेच मणी पाच काचेच्या बरण्यांमध्ये आहेत.

माझे आजोबा पोस्टमन होते. साठच्या दशकात मराठवाड्यातल्या एका तालुक्यात रोज पायी सात-आठ गावं करायचे. वाटेत जुन्या गावठाणाच्या पांढरीच्या टेकड्या लागत. पावसाळ्यानंतर तिथे जे चमकताना दिसे ते उचलून, मनीऑर्डरच्या कोऱ्या फॉर्मच्या तुकड्यात पुडी बांधून, घरी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, दोन-तीन मातीची डोकी, काही वजनदार काळपट नाणी. आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्या मे महिन्यात मी सगळ्या पुड्या सोडल्या आणि मणी रंगाप्रमाणे वेगळे केले. लाल एकीकडे, पांढरे एकीकडे, काळे-हिरवे एकीकडे. आईने कौतुकाने बरण्या दिल्या. तीस वर्षं त्या आमच्या दिवाणखान्यात आहेत आणि येणारा प्रत्येक जण 'किती सुंदर' म्हणतो.

तेरला मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं. तिथला मणी तेरचा आहे. त्याच्याबद्दल एवढं एक वाक्य तरी पक्कं आहे. माझ्या बरणीतला मणी कुठलाच नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वस्तूंचं आता काय करावं? आणि झालेलं काही अंशी तरी सुधारता येईल का?

काळी_पांढरी

अकीकभाऊ, आमचं रान पांढरीला लागूनच आहे. लहानपणी पहिला मोठा पाऊस पडून गेला की आम्ही पोरं सकाळीच टेकडीवर. मणी सापडायचे, खापरं तर मोजायलाच नकोत. पण एक सांगतो, जे पोरांनी उचललं ते काहीच नाही. मोठ्यांनी ती पांढरी माती शेताला घालायला गाड्याच्या गाड्या भरून नेली. जुन्या वस्तीची माती, राख आणि शेण मुरलेली, पिकाला चांगली म्हणून. आमच्या चुलत्यांनी धाब्याच्या घरावरही तीच टाकली. अर्धी टेकडी अशीच गेली. तुमच्या आजोबांनी उचललं नसतं तर ते मणी आज कुणाच्या तरी उसात असते. जिवाला लावून घेऊ नका.

स्तरलेखन

धागा आवडला. मी पुरातत्त्वाचं शिक्षण घेतलं आहे आणि तीन उत्खननांवर काम केलं आहे, तेव्हा थोडं स्पष्ट बोलतो.

आमच्याकडे वस्तूपेक्षा वस्तूची जागा महत्त्वाची मानतात. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, चुलीजवळ की खड्ड्यात. तेरचंच उदाहरण घ्या. लामतुरे संग्रहातली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडली, आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन पॉम्पेई राखेखाली गेलं. म्हणजे ती मूर्ती त्याआधी घडली आणि तिथवर पोचली, हे निर्विवाद. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही याच प्रकारच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. आता बघा, तेरच्या मूर्तीला स्वतःचा थर नाही, कारण ती उत्खननातून आलेली नाही. पण पॉम्पेईच्या राखेने आणि भोकरदनच्या थरांनी तिला काळ दिला. ज्यांची जागा नोंदलेली होती त्यांनी, जिची नव्हती तिला बोलतं केलं.

म्हणून खासगी संग्रहांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. वेचून आणलेली प्रत्येक वस्तू म्हणजे पुस्तकातून फाडलेलं पान. तुमच्या आजोबांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण 'छंद म्हणून गोळा करणं' हे आज कुणी अनुकरणीय समजू नये, एवढंच म्हणणं.

तेरची_माहेरवाशीण

स्तरलेखन, तुमचं पटतंय आणि नाहीही.

माझं माहेर तेरचं. त्रिविक्रमाचं देऊळ आमच्या रोजच्या वाटेवर. मागची बाजू गोल असलेलं, विटांचं. मोठी झाल्यावर कळलं की ते मुळात बौद्ध चैत्यगृह होतं आणि अभ्यासक त्यासाठी कुठून कुठून येतात. शाळेची सहल म्हणून आम्हाला संग्रहालयात नेत, आणि तिथे मांडलेल्या जात्याच्या तळीसारखी तळी आमच्या परसात उलटी पडलेली असायची, कपडे धुवायला. आजीला मी ते सांगितलं तर ती म्हणाली, 'मग काय झालं, दगड झिजला का?' पण दुसऱ्या दिवशी तिने ती उचलून तुळशीजवळ नेऊन ठेवली.

१९५८ साली पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी तेरला उत्खनन केलं, नंतरही झाली. पण उत्खनन म्हणजे काही चर, काही आठवडे. एखादा माणूस गावात राहून चाळीस पावसाळे बघतो, त्याच्या हाती जे लागतं ते कुठल्याच मोहिमेच्या हाती लागणार नाही. लोक त्याच्याकडे वस्तू आणून देतात, कारण तो आपला आहे. लामतुरेंनी ते जमवलं नसतं तर त्या वस्तू भंगारात, भट्टीत किंवा परदेशात गेल्या असत्या. पान फाडलेलं असेल, पण पुस्तक जळत होतं हो.

नोंदवही

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पुढे कुणीतरी विचारणारच.

१९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे पुरावशेष. हस्तलिखितांसारख्या गोष्टींना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षं. अशी वस्तू घरात असणं हा गुन्हा नाही. पण दगडी, धातूच्या, भाजक्या मातीच्या, हस्तिदंताच्या मूर्ती आणि शिल्पं, तसंच चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. म्हणजे अकीक यांच्याकडची मातीची डोकी आधी दाखवून घ्यावीत. नोंदलेली वस्तू दुसऱ्याला दिली तर तेही कळवावं लागतं. व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ चा कायदा आहे, ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. संरक्षित स्थळावरून खापरही उचलू नये.

नोंदणीला लोक घाबरतात, 'सरकार घेऊन जाईल' म्हणून. नोंदणी म्हणजे जप्ती नव्हे. फोटो, वर्णन, मालकाचं नाव, प्रमाणपत्र. उलट उद्या चोरी झाली तर वस्तू ओळखायला तोच आधार असतो.

शिशाचं_नाणं

अकीक, 'वजनदार काळपट नाणी' वाचून उठून बसलो. ती कशात ठेवली आहेत, हे आधी सांगा.

अकीक

लाकडी डबीत. सागवानी, आजोबांचीच. आत कापूस. काही नाण्यांवर अलीकडे पांढरी पूड दिसायला लागली आहे, ती मी अधूनमधून पुसतो.

शिशाचं_नाणं

आज रात्रीच बाहेर काढा. उद्यावर टाकू नका.

सातवाहनांनी चांदीबरोबर शिशाची आणि पोटीनची (तांब्यात शिसं-कथील मिसळलेल्या धातूची) नाणी फार मोठ्या प्रमाणात पाडली. तुमची शिशाची असणार. लाकडातून, प्लायवूडच्या डिंकातून, साध्या पुठ्ठ्यातूनसुद्धा आम्लाची वाफ निघत राहते. बंद डबीत ती साठते आणि शिसं खाते. ती पांढरी पूड म्हणजे धूळ नाही, ते नाणंच आहे. प्रत्येक वेळी पुसताना तुम्ही थोडं नाणं पुसून टाकलंत. शंखाच्या बांगड्यांनाही हीच वाफ मारते, लाकडी खणात शंखावर पांढरा बुरा चढतो तो त्यामुळेच.

काय करायचं: आम्लरहित कागदात प्रत्येक नाणं वेगळं, मग पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची झाकणाची डबी, सोबत सिलिका जेलची पुडी. नाणी हातमोजे घालून धरा, शिसं विषारी आहे, नंतर हात धुवा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, तारेची घासणी, यातलं काहीही लावायचं नाही. पांढरा थर स्वतः खरवडू नका, वस्तूजतन जाणणाऱ्याला दाखवा. मातीच्या डोक्यांवर वॉर्निश लावलं नसेल अशी आशा करतो.

सागवानी डबी मात्र जपून ठेवा. ती आजोबांची आहे.

उंबरठा

पुण्यातलं केळकर संग्रहालयही एका माणसाच्या वेडातूनच उभं राहिलं ना? दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे जमवले, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं, आणि १९७५ साली सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. तिथे कुठला अडकित्ता कुठल्या घरातला हे माहीत नसलं तरी बघताना काही अडत नाही. मग मण्यांच्या बाबतीतच एवढा आग्रह का?

स्तरलेखन

चांगला प्रश्न. अडकित्ता स्वतःबद्दल बरंच सांगतो. काय करायचा हे उघड आहे, घडण आणि नक्षीवरून काळ नि प्रदेश यांचा अंदाज येतो, शिवाय तो वापरणाऱ्या माणसांची आठवण अजून शिल्लक आहे. मण्याजवळ यातलं काही नाही. लाल इंद्रगोपाचा गोल मणी सिंधू संस्कृतीपासून आजपर्यंत बनतोच आहे. सापडल्याची जागा काढून घेतली की तो फक्त एक लाल मणी उरतो. पण एखाद्या टेकडीवर अर्धवट घडलेले, भोक न पाडलेले मणी आणि अकीकाच्या कपच्या एकत्र मिळाल्या, तर तिथे कारागीर बसत होता हे कळतं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली, ती आता टाऊन हॉल संग्रहालयात आहे. एकटी असती तर कुतूहलाची वस्तू ठरली असती. ती इतर ब्राँझ वस्तूंबरोबर मिळाली, म्हणून त्या घराचा समुद्रापारच्या व्यापाराशी असलेला संबंध दिसतो.

माहेरवाशीण ताई, जळत्या पुस्तकाचं तुमचं म्हणणं मी मान्य करतो. मी ज्या पांढरींवर काम केलं त्यातल्या एकीवर आज तलाव आहे.

अकीक, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बरण्यांतले मणी धुतले आहेत का? नसतील तर अजिबात धुऊ नका, भोकांमध्ये मूळ माती राहते. अर्धवट किंवा तुटलेले मणी आहेत का, ते बघा. आणि मुख्य म्हणजे, पुड्यांचे कागद कुठे गेले? पोस्टमन माणूस. पत्ता लिहिल्याशिवाय पुडी बांधेल असं मला वाटत नाही.

गावकुस

+१. माझ्या वडिलांच्या खिळ्यांच्या डब्यांवरसुद्धा कुठल्या कामातले उरलेले ते लिहिलेलं असायचं. त्या पिढीच्या माणसांचा हात लिहिल्याशिवाय राहत नसे.

काळी_पांढरी

एक विनंती. कागद सापडले आणि गावांची नावं निघाली तर इथे टाकू नका. आमच्या टेकडीवर दोनदा रात्री गुप्तधनासाठी खड्डे मारलेत. लिंबू-नारळ ठेवून खणतात. नाव छापलं की वाट दाखवल्यासारखं होतं.

अकीक

सगळ्यांचे आभार. नाणी त्याच रात्री बाहेर काढली. अकरा आहेत, पैकी चार बरीच खराब झाली आहेत. एका नाण्यावरचा हत्ती मला लहानपणी स्पष्ट दिसायचा, आता फक्त सोंडेची रेघ राहिली आहे.

मणी धुतलेले नाहीत. आई म्हणाली, 'तू धुवायला मागत होतास, मीच नको म्हटलं, मोरीत वाहून जातील.'

कागदांचं ऐकून काल ट्रंक खाली काढली. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं, ते कधी उचललंच नव्हतं. त्याच्याखाली आजोबांच्या खाकी पिशवीत एकवीस फॉर्म घडी करून ठेवलेले होते. मी पुड्या सोडून फेकल्या होत्या, त्या कुणीतरी, बहुतेक आजीने, उचलून जपल्या. प्रत्येकावर मागच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने गावाचं नाव, कुठल्या बाजूची टेकडी ('वेशीबाहेर, ओढ्याच्या अंगाला'), महिना, साल आणि आत काय ते. 'लाल मणी ७, त्यात १ अर्धा. शंख बांगडी तुकडे ३.' असं.

मोजून पुन्हा जुळवता येईल का?

स्तरलेखन

कामावरून घरी आलो आणि हे वाचून खरंच डोळ्यांत पाणी आलं. काही अंशी नक्की येईल.

क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक फॉर्मचा दोन्ही बाजूंनी फोटो. मग प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि मोजपट्टीसह फोटो. मण्यांवर लिहू नका, छोट्या पिशवीत चिठ्ठी घाला. मोठ्या वस्तूंवर क्रमांक टाकायचा तर पॅरालॉइड बी-७२ (वस्तूजतनात वापरतात ती पारदर्शक राळ) चा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर, म्हणजे कधीही काढता येतो. त्यानंतर एकमेव गोष्टी शोधा. ज्या फॉर्मवर एकच स्फटिकाचा मणी आहे आणि बरणीतही स्फटिक एकच आहे, तो पक्का. साध्या लाल मण्यांना ओढूनताणून बसवू नका. जिथे खात्री नाही तिथे 'ठिकाण अनिश्चित' लिहायला लाजू नका, चुकीचं गाव लिहिण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

तेरची_माहेरवाशीण

आणि आईंना सोबत बसवा. फॉर्मवरची गावं त्यांच्या माहितीतली असतील, टेकड्या कुठे होत्या ते त्या सांगतील. त्यांचं बोलणं लिहून घ्या, तारखेसह.

अकीक

पंधरा दिवसांनी लिहितोय.

बरण्या रिकाम्या झाल्या. एकूण २१४ मणी. आई, मी आणि माझी मुलगी रोज रात्री जेवणानंतर बसतो. मुलगी दहा वर्षांचीच आहे. एकसष्ट मण्यांना गाव मिळालं. डोकी तीनही जुळली, कारण आजोबांनी एकाबद्दल 'नाक नाही' आणि दुसऱ्याबद्दल 'कानात मोठी फुलं' असं लिहून ठेवलं होतं. तिसरं मग आपोआपच उरलं. डोक्यांच्या नोंदणीसाठी फोटो आणि अर्ज तयार आहे. शंखाचे तुकडे जवळपास सगळे जागेवर आले. एका फॉर्मवर 'मणी भोक न पाडलेले ५, दगडाच्या कपच्या मूठभर' असं आहे. कपच्या मी लहानपणी अंगणात टाकून दिल्या होत्या, पण पाचही मणी सापडले. स्तरलेखन, तुम्ही म्हणालात तो कारागीर त्या टेकडीवर बसत असणार.

उरलेल्या १५३ मण्यांची वेगळी डबी केली आहे. मुलीने चिठ्ठी लिहिली: 'ठिकाण अनिश्चित. २१ पैकी कुठलंतरी गाव.' मी फक्त पहिलं वाक्य सांगितलं होतं, दुसरं तिचं आहे. ते तसंच ठेवलं.

आई आणि मी दिवाळीनंतर त्या गावांना जाणार आहोत. काही उचलायला नाही, टेकड्या अजून आहेत का ते बघायला. संग्रह कुठे द्यायचा यावर घरात बोलणं चालू आहे. आईचं म्हणणं, पुण्या-मुंबईला नको, जिथले आहेत त्याच्या जवळ कुठेतरी असावेत, आणि फॉर्म सोबतच जावेत. आजोबांची निळी पेन्सिल पिशवीच्या कप्प्यात होती. तीही त्यांच्याबरोबर जाईल.

शिशाचं_नाणं

हत्तीच्या नाण्याचा फोटो पाठवा, तिरक्या उजेडात काढलेला. सोंड दिसतेय तर बाकीचाही थोडा दिसेल कदाचित.